वाचकांचे प्रश्न : वस्तुसंग्रहालयात काम करायचे, तर शिकायचे काय?

या महिन्यात खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी शहाद्याच्या महाविद्यालयात इतिहास घेऊन कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकत आहे. प्रकाशे येथे १९५५ साली झालेल्या उत्खननाविषयी सरांनी वर्गात सांगितले, तेव्हापासून जुन्या वस्तूंशी संबंधित काम करावे असे मनात आहे. म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, हा विषय काही विद्यापीठांत शिकवतात असे कळले. परंतु आमच्या भागात तो शिकलेले कोणीच मला भेटलेले नाही. ही पदवी कोठे मिळते आणि तिच्यात काय शिकवतात? आधी इतिहासात एम. ए. करावे की थेट हाच विषय घ्यावा? घरच्यांचा आग्रह बी. एड. करण्याचा आहे.

उत्तर : तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. संग्रहालयातील माणसाला दोन गोष्टी याव्या लागतात : समोरची वस्तू ओळखणे आणि ती टिकवून लोकांपुढे मांडणे. संग्रहालयशास्त्र प्रामुख्याने दुसरी गोष्ट शिकवते. पहिली गोष्ट इतिहास, पुरातत्त्व, नाणकशास्त्र, कलेतिहास, मानवशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांसारख्या मूळ विषयातून येते. ताम्रपट कोणत्या कपाटात, किती उजेडात आणि कोणत्या आधारावर ठेवावा हे अचूक सांगणारा, पण त्यावरची एक ओळही वाचू न शकणारा पदवीधर संग्रहालयाच्या अर्ध्याच उपयोगाचा असतो. म्हणून माझे मत असे की, मूळ विषयाऐवजी संग्रहालयशास्त्र घेऊ नये, मूळ विषयानंतर घ्यावे. तुमच्याकडे इतिहासाची पदवी येतेच आहे. पुढे शिकण्यासाठी चार वर्षे देणे शक्य असेल, तर प्राचीन भारतीय इतिहास व पुरातत्त्व यांत एम. ए. करून मग संग्रहालयशास्त्राकडे वळावे. पुण्याचे डेक्कन कॉलेज त्यासाठी उत्तम आहे. दोनच वर्षे देता येणार असतील, तर थेट संग्रहालयशास्त्रात प्रवेश घ्यावा. मात्र नाणी, हस्तलिखिते, मृद्भांडी किंवा आदिवासी वस्तुसंस्कृती यांपैकी एक विषय निवडून त्याचे वाचन पहिल्या दिवसापासून सुरू ठेवावे.

शिक्षणाची ठिकाणे फार नाहीत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संग्रहालयशास्त्र विभाग १९५२ साली सुरू झाला आणि देशात या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाची सुरुवात तेथून झाली. कोलकाता विद्यापीठाचा विभाग १९५९ सालचा आहे. बनारस हिंदू विद्यापीठात आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठातही हा विषय शिकवला जातो. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाशी जोडलेली जी अभिमत संस्था १९८९ साली स्थापन झाली होती, ती आता नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत सामावली आहे. महाराष्ट्रात मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न असा संग्रहालयशास्त्र व जतन यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवते. प्रवेशाच्या अटी आणि जागा वर्षागणिक बदलतात, त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहाव्यात. नंदुरबार जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना मी सहसा बडोदे सुचवतो. भुसावळ-सुरत मार्गावरील गाडीने सुरत गाठले की पुढे बडोदे काही लांब नाही, मुंबईपेक्षा तेथे राहण्याचा खर्च कमी येतो, आणि मुख्य म्हणजे १८९४ साली उभे राहिलेले बडोदा संग्रहालय त्याच शहरात आहे. इजिप्तची ममी, देवमाशाचा सांगाडा आणि युरोपीय तैलचित्रे एकाच संग्रहालयात सांभाळायची झाली की प्रत्येकाला किती वेगळे हवामान आणि किती वेगळी काळजी लागते, हे तेथे विद्यार्थ्याला रोज पाहायला मिळते.

शिकवतात काय, याची कल्पना बहुतेकांना नसते. काचेच्या कपाटापलीकडचे काम लोकांना दिसतच नाही, त्यामुळे ते आहे असेही कोणाला वाटत नाही. अभ्यासक्रमात वस्तूंची नोंदणी, जतन, मांडणी, संग्रहालयातील लोकशिक्षण, सुरक्षा, व्यवस्थापन आणि कायदा हे भाग असतात. यांतला सर्वांत कंटाळवाणा वाटणारा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग नोंदणीचा. समजा, प्रकाशे परिसरातील एखादे रंगीत नक्षीचे खापर संग्रहालयात आले. ते कोणाकडून, कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणाहून, किती खोलीवरून आले हे नोंदवहीत लिहायचे आणि त्याला एक क्रमांक द्यायचा. हा क्रमांक नक्षीच्या बाजूला घालत नाहीत आणि मोडलेल्या कडेवरही घालत नाहीत, कारण पुढे दुसरा तुकडा त्या कडेला जुळवायचा असू शकतो. आतल्या बाजूला कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेवर, पुढे विरघळवून काढता येईल अशा पारदर्शक लाखेचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की बारीक निबेने शाईचा आकडा लिहायचा आणि त्यावर पुन्हा एक थर द्यायचा. कापडाला क्रमांक लिहिलेली सुती पट्टी सैल टाक्यांनी शिवतात. कागदावर मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात लिहितात, आणि नाण्यावर काहीच न लिहिता त्याच्या पाकिटावर लिहितात. दिलेला क्रमांक खापराला इजा न होता काढता आला पाहिजे, हे यामागचे तत्त्व. जतनाच्या साऱ्या शिक्षणात ते पुन्हा पुन्हा भेटते. आणि नोंद हरवली, तर खापर जागेवर असूनही संशोधनाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी होते, कारण ते कोठले आहे हे मग कोणालाच सांगता येत नाही.

विद्यापीठात जाण्याआधीचे हे वर्ष वाया घालवू नका. तुमच्यापासून धुळे फार दूर नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झाले आणि त्यांच्या मागे राहिलेल्या दप्तरांच्या सांभाळासाठी पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. मंडळाकडे कागदपत्रे, हस्तलिखिते आणि शिल्पे आहेत. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. नानासाहेब देव यांनी मठामठांतून जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडे तेथे आहेत. अशा संस्थांत मनुष्यबळ नेहमीच अपुरे असते. महाविद्यालयाचे पत्र घेऊन रीतसर भेटावे आणि सुटीत काही आठवडे पडेल ते काम करण्याची तयारी दाखवावी. पहिल्या दिवशी कोणी हातात पोथी देणार नाही, आणि देऊही नये. याद्या नकलून काढणे, कागदपत्रे बांधून ठेवलेल्या रुमालांवरच्या जुन्या चिठ्ठ्या आणि नोंदवही ताडून पाहणे, असली कामे मिळतील, तीच करावीत.

त्याचबरोबर मोडी शिका. मी हे प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो आणि बहुतेक जण ऐकून सोडून देतात. महाराष्ट्रातल्या संग्रहांत मोडी कागदांचे ढीग पडून आहेत आणि ते वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. बडोद्याला तुमच्या वर्गात इतर प्रांतांतून आलेले हुशार विद्यार्थी असतील. इंग्रजी त्यांचे कदाचित तुमच्यापेक्षा चांगले असेल, पण मोडी वाचणारा त्यांत सहसा नसतो. तुम्हाला पावरी किंवा भिली बोली येत असेल, तर तीही अर्जात लिहायला लाजू नका. सातपुड्यातल्या वाद्यांची आणि दागिन्यांची नोंद करताना त्या वस्तूचे घरात वापरले जाणारे नाव आणि ती कोणी कधी वापरायची हे विचारता येणे, ही मोठी पात्रता आहे. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात अशाच वस्तू आहेत, ते एकदा अवश्य पाहा.

घरच्यांच्या बी. एड.च्या आग्रहाकडे मात्र अडथळा म्हणून पाहू नये. संग्रहालयांचा शिक्षण विभाग हा सध्या वाढणारा विभाग आहे. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून चालवलेली बसमधील फिरती प्रदर्शने गावोगावच्या शाळांपर्यंत जातात, आणि तेथे वर्गात मुलांना बोलते करण्याची सवय असलेला माणूस लागतो. दोन्ही पदव्या घेण्यात काही काळ जातो, हे खरे. परंतु संग्रहालयातली जागा मिळेपर्यंत शाळेत काम करता येते, ही सोय आपल्याकडच्या घरांत लहान नाही.

प्रश्न : मी चाळीसगावचा असून रसायनशास्त्रात बी. एस्सी. झालो आहे. पाटणे येथे सापडलेल्या शहामृगाच्या अंड्याच्या कवचाच्या मण्यांविषयी वाचले. विज्ञान शाखेच्या मुलाला या क्षेत्रात जागा आहे का, की हे कला शाखेचेच काम?

उत्तर : जागा आहे, आणि तुमच्यासाठी ती अधिक मोकळी आहे, कारण जतनाच्या प्रयोगशाळांना रसायनशास्त्र जाणणारी माणसे हवी असतात आणि ती फारशी तिकडे वळत नाहीत. पाटण्याचे उत्खनन सु. अ. साळी यांनी केले. ते मणी सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे आहेत, हे ठरवताना किरणोत्सर्गी कार्बनच्या मापनाचा आधार घ्यावा लागला. पण तुमचे रोजचे काम कालमापनाचे नसेल, झीज थांबवण्याचे असेल.

तांब्याच्या किंवा काशाच्या वस्तूवर भुकटीसारखे फिकट हिरवे ठिपके दिसू लागले, तर आत क्लोराइड आहे आणि हवेतली ओल लागून ते धातू खात चालले आहे, असे समजावे. शेजारच्याच मूर्तीवरचा घट्ट, गडद हिरवा थर मात्र निरुपद्रवी असतो आणि तो खरवडणे हाच गुन्हा ठरतो. हा फरक डोळ्यांनी ओळखता येणे आणि चाचणीने सिद्ध करता येणे, हे तुमचे काम. पोथ्यांचेही तसेच. काजळाची शाई शतकानुशतके काळी राहते, पण पाण्याने फुटू शकते. म्हणून मळलेला कागद धुण्याआधी शाईची परीक्षा करावी लागते. तांब्यापासून केलेला हिरवा रंग चित्राच्या त्या भागातला कागदच जाळत नेतो. लेखनिकांनी चूक झाकण्यासाठी फासलेला पिवळा हरताळ हे आर्सेनिकचे संयुग आहे, तेव्हा हातमोजे घालून काम करायचे.

खानदेशाच्या हवामानात तर तुमच्यासारख्यांना बरेच करण्यासारखे आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हवा कोरडीठक्क होते, आणि जूनअखेर तीच हवा एकदम दमट होते. लाकूड आणि हस्तिदंत अशा झटक्यानेच तडकते; सतत थोडी जास्त किंवा थोडी कमी असलेली आर्द्रता त्यापेक्षा परवडते. अनेक ठिकाणी चांगल्या हेतूने पोथ्यांच्या खोलीत वाळ्याचे कूलर लावलेले मी पाहिले आहेत. माणसाला त्याने बरे वाटते, पण दिवसभर ओली हवा आणि रात्री कोरडी असा पाळणा चालू राहतो आणि कागदाला बुरशी धरते. अशा खोलीत जाड भिंतींचा आडोसा, बंद कपाटे आणि एक साधा आर्द्रतामापक कूलरपेक्षा जास्त कामाचे. उजेडाचेही माप ठरलेले आहे : कागद, कापड आणि जलरंगांसाठी सुमारे ५० लक्स, तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स. झालेले फिकटपण कोणत्याही रसायनाने परत येत नाही.

शिक्षणासाठी मुंबईची वर सांगितलेली पदविका पाहा. त्याच संग्रहालयाचे स्वतःचे कलाजतन केंद्रही आहे. लखनौ येथे सांस्कृतिक संपदेच्या जतनासाठी १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय प्रयोगशाळा प्रशिक्षणवर्ग घेते. जाण्यापूर्वी हाताला स्थिरपणा आहे का, हे स्वतःचे स्वतः तपासा. एका पानाच्या फाटक्या कडेला जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या खळीने लावत अर्धा दिवस बसणे ज्याला जमत नाही, त्याने औषधनिर्माण कंपनीची प्रयोगशाळा गाठलेली बरी.

प्रश्न : माझा मुलगा संग्रहालयशास्त्राला प्रवेश घेऊ म्हणतो. आम्ही अमळनेरचे, शेती बेताची. दोन वर्षांचा खर्च करून शेवटी नोकरी लागणार का, हे स्पष्ट सांगावे.

उत्तर : लगेच कायम नोकरी लागेल असे धरून पैसे उभे करू नयेत. सरकारी जागा आहेत : राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे नागपूरच्या १८६३ सालच्या अजब बंगल्यासारखी संग्रहालये आहेत, केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची स्थळसंग्रहालये आहेत, पण त्यांच्या भरतीच्या जाहिराती थोड्या निघतात आणि कधी निघतील याचा नेम नसतो. पहिली काही वर्षे बहुतेकांची प्रकल्पावर किंवा कंत्राटावर जातात : एखाद्या संग्रहाची यादी संगणकावर घेणे, प्रदर्शनाच्या पाट्या लिहिणे, हस्तलिखितांच्या प्रतिमा काढणे. असे काम महानगरांत अधिक असते. टाटा आणि गोदरेज यांच्यासारखे उद्योगसमूह आपापली अभिलेखागारे ठेवतात, रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय मुंबईत आहे, विद्यापीठे आणि देवस्थानेही आता संग्रह नीट लावून घेऊ लागली आहेत. अध्यापनात जायचे असेल, तर नेट परीक्षेत संग्रहालयशास्त्र व जतन हा स्वतंत्र विषय आहे.

आपल्या भागातही अगदीच वाव नाही असे नाही. जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ साली सुरू झालेले गांधीतीर्थ मुलाला दाखवून आणा. तेथे एकीकडे दृक्‌श्राव्य साधनांनी उभे केलेले प्रदर्शन आहे आणि दुसरीकडे मूळ कागदपत्रांचे जतन चालते. ते पाहिल्यावर या व्यवसायात लेखक, छायाचित्रकार, संगणकतज्ज्ञ, मार्गदर्शक असे किती प्रकारचे लोक लागतात, हे तुमच्याही ध्यानात येईल.

प्रवेश घेण्याआधी त्या विभागात स्वतः जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. प्रत्यक्ष संग्रहालयात काम करणे सक्तीचे आहे का आणि किती आठवडे? विद्यार्थ्याच्या हातात खरी वस्तू येते, की केवळ पडद्यावरची चित्रे? आणि मागच्या दोन तुकड्यांतील मुले आज कोठे आहेत? तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळाले, तर दुसरा विभाग पाहावा. मुलगा वर्षभर कंत्राटावर परगावी राहू शकेल, एवढी घरची ओढाताण सहन होणार असेल, तर त्याला जाऊ द्यावे. तेवढेही शक्य नसेल, तर आधी कमावते होऊन मग पदविका करणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि वयाने थोडे मोठे विद्यार्थी या विषयात मागे पडत नाहीत.

प्रश्न : मी यावल तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहे. मोट, पाभर, जुनी मापे, पितळी भांडी, देवांचे टाक असा संग्रह केला आहे. गावात छोटे संग्रहालय करावे असे वाटते. पुतण्याला त्यासाठी ही पदवी घ्यायला पाठवावे का?

उत्तर : केवळ एवढ्यासाठी पाठवू नये. दोन वर्षे शहरात शिकलेला तरुण गावातल्या एका खोलीच्या संग्रहासाठी परत येईल, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. एखाद्या मोठ्या संग्रहालयाने घेतलेली आठवड्याची कार्यशाळा त्याने आणि तुम्ही दोघांनी करावी. आपल्या कामाला ती पुरेशी आहे.

नोंदवही आजच सुरू करा, कारण ती भरू शकणारे माहीतगार तुम्हीच आहात. मोट कोणाच्या विहिरीवर होती, चामडे कोणी शिवले, नाडा किती हात लांब लागे, तुमच्याकडच्या लेवा गणबोलीत तिच्या भागांना काय म्हणत, हे सारे लिहा आणि शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढा. ज्यांनी वस्तू दिली, त्यांच्याकडून दोन ओळींचे दानपत्र सहीनिशी घ्या; पुढच्या पिढीत वाद याच कागदाअभावी होतात. टाकांच्या बाबतीत विशेष जपावे. ज्या घरात ते अजून पूजेत आहेत, तेथून मागू नयेत, फक्त नोंद आणि परवानगीने छायाचित्र घ्यावे. श्रावणात कानबाई बसते तेव्हा पूजेच्या मांडणीची नोंद करायची असेल, तर तीही घरातल्या बायकांना विचारून, त्यांच्या सोयीने करावी.

कायद्याचेही भान हवे. शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार नोंदवावी लागतात. शेतात नांगरताना नाण्यांचे गाडगे सापडले आणि कोणी तुमच्याकडे आणून दिले, तर ते संग्रहात ठेवून घेता येत नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. पडक्या देवळातील मूर्ती उचलून आणणे तर सर्वथा वर्ज्य.

खोली निवडताना पश्चिमेची भिंत टाळावी, लाकडी अवजारे जमिनीला टेकवून ठेवू नयेत, त्यांच्याखाली विटा किंवा लोखंडी घोडी द्यावी, म्हणजे वाळवी चढली तर मातीची रेघ लगेच दिसते. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पितळी भांडी चिंच-मिठाने किंवा राखेने लखलखीत करण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्यात भांड्यावर कोरलेली नावे आणि सालही थोडे थोडे घासले जाते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसून ती आहेत तशीच मांडावीत.